चाहूल

आमच्या नाशिकला भविष्य सांगणाऱ्यांची वाण कधीच पडली नाही. पंचवटीत हात पाहणारे आहेत, पत्रिका मांडणारे आहेत. आणि त्र्यंबकेश्वरी तर देशभरातून माणसे येतात ती पत्रिकेत दिसलेले टाळता यावे म्हणून. लहानपणापासून हे पाहत आल्यामुळे असेल, भविष्य ही मला कधी गूढ गोष्ट वाटली नाही. भाजी घ्यावी, उदबत्ती घ्यावी, तसे लोक तेही घेतात. मी स्वतः कधी घेतले नाही. पण घेणाऱ्यांना हसलोही नाही. शाळामास्तराला तसे हसणे परवडत नाही. दहावीचा निकाल लागायच्या आदल्या आठवड्यात माझ्याच वर्गातल्या मुलांच्या आया ज्योतिषाच्या ओट्यावर बसलेल्या मी पाहिल्या आहेत. मला पाहून त्या दुसरीकडे पाहू लागल्या, तेव्हा मीही दुसरीकडे पाहिले आहे.

गेली दोन वर्षे मात्र एका निराळ्याच भविष्याने माझा पिच्छा पुरवला आहे. ते हातावर नसते, कुंडलीत नसते. ते रक्तात असते. निदान असावे, असे काही विद्वान माणसांना गेली तीस-पस्तीस वर्षे वाटत आले आहे. कर्करोगासाठी छातीवर किरणोपचार घेणाऱ्यांपैकी कोणाचे फुफ्फुस त्या किरणांनी पुढे दुखावेल, हे रक्ताच्या तपासणीवरून आधीच ओळखता येईल का, हा तो प्रश्न. माझे शास्त्राचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. एवढ्या बारीक प्रश्नात मी नाक खुपसावे असे काही नव्हते. परंतु हा प्रश्न माझ्याकडे पुस्तकातून आला नाही. तो माझ्या वहिनीने विचारला.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होता. आमचे मूळ गाव सिन्नरकडचे. तिकडे विड्या वळणे हा घराघरातला धंदा. त्यामुळे विडी ही आम्हाला व्यसन वाटण्याआधी रोजगार वाटे. दादाने ती विशीत धरली आणि सोडली नाही. निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी त्याच्या उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात गाठ निघाली. ती शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेली होती. औषधे आणि किरणे बरोबरीने द्यायची असे ठरले.

एके काळी एवढ्यासाठी नाशिकच्या माणसाला मुंबई गाठावी लागे. परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, आणि आमच्या लहानपणीसुद्धा ‘टाटाला नेले’ हे शब्द घरात हळू आवाजातच उच्चारले जात. आता किरणांची यंत्रे नाशकातच आहेत. पूर्वी डबा घेऊन कारखान्यात जायचा, तसा दादा रोज सकाळी कागदांची पिशवी घेऊन जाऊ लागला. आमच्याकडे या उपचाराला ‘शेक’ म्हणतात. शब्द मोठा घरगुती आहे. गुडघ्याला विटेचा शेक, बाळंतिणीला शेगडीचा शेक, तसाच हा. फरक एवढाच की या शेकाची ऊब लागत नाही. आठवड्याचे पाच दिवस, असे सहा आठवडे. रोज दोन ग्रे, एकूण साठ. ग्रे हे किरणांचे माप. लुई हॅरल्ड ग्रे नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञावरून त्याला ते नाव पडले. तिसावा शेक झाला त्या दिवशी वहिनीने शिरा केला.

पुढचे अडीच महिने बरे गेले. दादा पुन्हा गंगेवर फिरायला जाऊ लागला. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. तिसऱ्या महिन्यात त्याला कोरडा खोकला लागला. मग बारीक ताप. मग जिना चढताना मध्येच थांबणे. घरात तीन मते पडली. वहिनी म्हणे थंडी बाधली, मुलगा म्हणे टी.बी. असेल. तिसरे मत कोणी बोलून दाखवले नाही. पण ते सर्वांचेच होते.

डॉक्टरांनी छातीचे चित्र पडद्यावर दाखवले. त्यात एक धुरकट डाग होता. पण त्याची कड पट्टीने आखावी तशी सरळ होती. “जंतू असे रेघ ओढून वाढत नाहीत,” ते म्हणाले, “आणि गाठही वाढत नाही. ही कड आमच्या किरणांची आहे.” किरणे ज्या वाटेने गेली त्या वाटेवरचे फुफ्फुस सुजले होते. थुंकीची तपासणी करून टी.बी. नाही याची खात्री केली, स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि पुढे कित्येक आठवडे त्या थोड्या थोड्या कमी करत नेल्या. खोकला गेला, ताप गेला. पण त्या जागी वण राहिला, आणि जिन्याच्या सातव्या पायरीवर दादाचे थांबणे राहिले ते राहिलेच.

तेव्हा वहिनी म्हणाली, “भाऊजी, सहा आठवडे दर आठवड्याला रक्त काढत होते. एवढ्या बाटल्या नेल्या, त्यातल्या एकीला तरी हे आधी कळलं नसेल का?”

मी कादंबऱ्या लिहितो. शेवटच्या प्रकरणात जे घडायचे, त्याची चाहूल तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात कुठेतरी ठेवावी लागते. नाहीतर वाचक म्हणतो, हे आकाशातून पडले. वहिनीचा प्रश्न हा असा वाचकाचाच प्रश्न होता. शरीरानेही अशी चाहूल कुठे ठेवली होती का? माझी एक जुनी विद्यार्थिनी रक्ताच्या प्रयोगशाळेत काम करते. तिच्या मागे लागून, तिने आणून दिलेले तिच्याकडूनच समजावून घेत, मी हा विषय वाचीत बसलो.

पहिली गोष्ट कळली ती ही की दुखणे नवे नाही. रॉन्टजेनला क्ष-किरण १८९५ साली सापडले, लगोलग ते रोगांवर वापरणे सुरू झाले, आणि १९२२ ते १९२५ या काळात अमेरिकेतल्या डॉक्टरांनी छातीवर किरणे घेतलेल्यांची फुफ्फुसे अशी सुजल्याचे लिहूनही ठेवले. त्याला आता शंभर वर्षे झाली. दुसरी गोष्ट अधिक चमत्कारिक. खोकला तिसऱ्या महिन्यात आला म्हणून दुखणे तिसऱ्या महिन्यात सुरू झाले असे आपण समजतो. ते खरे नाही. अमेरिकेतल्या रॉचेस्टर येथे फिलिप रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या फुफ्फुसांवर किरणे सोडून पाहिली. तो प्रयोग त्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केला. काही तासांतच तिथल्या पेशी एकमेकींना निरोप धाडू लागल्या होत्या, आणि ते निरोप पुढे आठवडेच्या आठवडे चालूच राहिले. बाहेरून पाहावे तर उंदीर ठणठणीत. म्हणजे वहिनीने शिरा केला त्या दिवशी दादाच्या छातीत ही कुजबुज सुरू झालेली होती. चाहूल होती, ऐकणारा कान नव्हता.

ते निरोप ज्या द्रव्यांतून जातात त्यांतली काही रक्तात उतरतात. म्हणून शास्त्रज्ञांनी रक्ताला कान लावला. तीन नावे सांगतो, कारण तिघांचीही कथा निरनिराळी आहे. पहिले टी.जी.एफ.-बीटा. जखम भरून यावी, वण धरावा, हे त्याचे काम. आणि फुफ्फुसात नको तेवढा वण धरतो त्यातही त्याचाच हात. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या मिचेल अँशर यांना १९९० च्या दशकात असे दिसले की किरणोपचार संपेपर्यंत ज्यांच्या रक्तातले हे द्रव्य पूर्ववत होते, त्यांची फुफ्फुसे बहुधा सुखरूप राहतात. दुसरे के.एल.-सहा. ते जपानातले, नोबुओकी कोहनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते शोधले. फुफ्फुसातल्या वायुकोशांचे अस्तर दुखावले की तिथल्या पेशींतून ते रक्तात पाझरते, आणि फुफ्फुस वण धरून आक्रसण्याच्या इतर रोगांत ते मोजण्याची जपानात रोजची वहिवाट आहे. तिसरे आय.एल.-सहा, म्हणजे शरीरातल्या दाहाची दवंडी पिटणारे द्रव्य.

हे वाचून मी विद्यार्थिनीला म्हटले, “मग अडले कुठे?”

ती म्हणाली, “सर, सगळीकडेच.”

आय.एल.-सहा साध्या सर्दीतापानेही वाढते. टी.जी.एफ.-बीटा फुफ्फुसातून येते तसे गाठीतूनही येते. वाढलेला आकडा दुखावलेल्याचा की दुखवणाऱ्याचा, हे आकड्यावर लिहिलेले नसते. शिवाय डेंग्यूमुळे आता ज्या सर्वांच्या ओळखीच्या झाल्या आहेत त्या प्लेटलेटमध्ये हे द्रव्य ठासून भरलेले असते. रक्त बाटलीत गोठले, की त्या ते सांडून मोकळ्या होतात, आणि मोजणारा रोग्याच्या छातीऐवजी बाटलीतला गोंधळच मोजून बसतो. के.एल.-सहा त्या मानाने सरळ. पण प्रत्येकाचा मूळचा आकडा निराळा असल्यामुळे ते उपचारापूर्वी मोजून ठेवावे लागते, आणि पुष्कळदा ते वाढते तेव्हा दुखणे उंबऱ्यावर येऊन पोचलेले असते. एका ठिकाणी मिळालेले उत्तर दुसऱ्या ठिकाणी मिळेना. नेदरलँड्समध्ये पाहिले तेव्हा टी.जी.एफ.-बीटाने अमेरिकेतल्यासारखी साक्ष दिली नाही. म्हणून आजही या तीन नावांपैकी एकाच्याही भरवशावर किरणांचे डॉक्टर रोग्याचा शेक कमी-जास्त करीत नाहीत.

तुम्ही म्हणाल, एवढा आटापिटा कशाला? धोका आहे हे डॉक्टर आधी सांगतातच. खरे आहे. दादाच्या संमतीपत्रावर ते लिहिलेले होते, वाचून दाखवलेही होते, आणि दादाने खाली सही केली होती. २०१३ साली निरनिराळ्या देशांतल्या ८३६ रोग्यांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या. दादासारखे औषध आणि किरणे बरोबरीने घेतलेले हे रोगी. त्यांतल्या सुमारे तीस टक्क्यांना असा त्रास झाला, आणि शंभरात दोघे त्यातच गेले. परंतु शंभरात तीस म्हणजे काय? सर्वांना दिलेला इशारा कोणालाच दिलेला नसतो. वर्गात मी “काहीजण नापास होतील” म्हणतो तेव्हा एकही मूल मान वर करीत नाही. दादाला हवे होते ते ‘शंभरात तीस’ नव्हे; ‘तू’ की ‘तू नव्हे’, एवढेच. रक्ताने द्यायचे होते ते हे उत्तर.

काही गोष्टी रक्ताशिवायही कळतात. वय अधिक असेल, गाठ फुफ्फुसाच्या खालच्या वा मधल्या भागात असेल, फुफ्फुसाला आधीचा आजार असेल, तर धोका वाढतो. फुफ्फुसाच्या किती भागाला वीस ग्रेपेक्षा जास्त किरणे लागतात हे संगणकावर आधीच मोजतात, आणि तो भाग पस्तीस टक्क्यांच्या आत ठेवण्यासाठी किरणांच्या वाटा बदलून बदलून पाहतात. आणि एक गोष्ट अशी आहे की ती सांगावी की नाही याचा मी बराच विचार केला: विडी-सिगारेट ओढत असणाऱ्यांत हे विशिष्ट दुखणे थोडे कमीच आढळते. दादाला हे सांगितले तेव्हा त्याचा चेहरा असा उजळला की मला घाईघाईने पुढचे वाक्यही सांगावे लागले, की गाठ मुळात आणली तीही विडीनेच.

या साऱ्याचा विचार करताना मला आठवतात ते द्राक्षांचे देठ. माझ्या साडूची दिंडोरीकडे बाग आहे. एप्रिलची खरड छाटणी झाली की पंचेचाळीस दिवसांनी तो काडीवरच्या पाचव्या पानांचे देठ खुडून, कागदाच्या पिशवीत घालून तपासणीला पाठवतो. पाने हिरवीगार असतात. बघणाऱ्याला वाटावे, हा उगाच पैसे घालवतो. पण पान पिवळे पडण्याआधी देठाला कळलेले असते की झाडाला पोटॅश कमी पडते आहे. मात्र पान पाचवेच हवे, दिवस ठरलेलाच हवा. चौथ्या पानाचा देठ घेतला किंवा पंधरा दिवस उशिरा घेतला, तर आकडा येतो, पण त्याला अर्थ नसतो. आणि सर्वांत महत्त्वाचे हे, की आकडा आल्यावर साडू स्वस्थ बसत नाही. त्याच आठवड्यात खताची मात्रा बदलतो.

पत्रिका आणि देठ यांतला फरक मला इथे दिसतो. पत्रिका नुसते सांगते. देठ सांगतो आणि हाताला काम देतो. रक्ताच्या या तपासण्या आज दोन्हींच्या मध्ये कुठेतरी अडकल्या आहेत. कोणत्या दिवशी, कोणते द्रव्य, कशा बाटलीत, म्हणजे पाचवे पान कोणते, हेच अजून पक्के ठरायचे आहे. आणि ठरले तरी पुढे काय? ड्यूकच्या डॉक्टरांनी त्याचे एक उत्तर देऊन पाहिले होते: ज्यांचा आकडा निर्धास्त, त्यांच्या गाठीला किरणे वाढवून द्यायची. मला हे फार आवडले. चाहूल फक्त भिण्यासाठी नसते. कोणाला जास्त धीट होता येईल, हेही ती सांगू शकते.

हे सारे मी एका रविवारी दादाच्या घरी बसून सांगत होतो. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “बरं झालं रे, नाही कळलं. तुझं फुफ्फुस जाणार असं मला कोणी आधी सांगितलं असतं, तर मी शेक घेतलाच नसता.”

स्वयंपाकघरातला आवाज थांबला. वहिनी दारात आली. काही बोलली नाही. तिने दोन वर्षे जो प्रश्न जपून ठेवला होता त्याचे हे उत्तर तिच्या स्वप्नातही आले नसेल. गाठ होती ती आज नाही. शेक घेतला नसता तर आज ती असती आणि दादा नसता. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते.

तेव्हापासून मी अडखळलो आहे. न कळलेले बरे, असे म्हणणारा मी नव्हे. मास्तराने तसे म्हटले तर शाळेला कुलूप लावावे लागेल. परंतु अर्ध्या खात्रीचा आकडा घाबरलेल्या माणसाच्या हातात देणे म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळले. खोटा ‘हो’ आला, तर माणूस शेक टाळील किंवा डॉक्टर हात आखडता घेतील, आणि गाठ वाचेल. खोटा ‘नाही’ आला, तर तिसऱ्या महिन्यातला खोकला घरचे काढ्यावर घालवतील. डॉक्टर या तपासण्या वापरायला धजत नाहीत याचा मला आधी राग येई. आता वाटते, ‘अजून सांगता येत नाही’ हे सांगणे ही त्यांच्या शास्त्राची नम्रता आहे. ज्योतिषाला ती कधीच परवडत नाही.

वहिनीने मात्र तिच्यापुरता मार्ग काढला आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाच्या खाड्यांशेजारी ती दादाच्या पायऱ्या लिहिते: आज सातवर थांबला, आज नऊवर. करोनाच्या साथीत, २०२१ साली, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घेतला होता. तो कपाटातून बाहेर आला आहे. ऑक्टोबरात एकदा पायऱ्या चारवर आल्या, तेव्हा कोणाला न विचारता ती दादाला डॉक्टरांकडे घेऊन गेली. साधा जंतुसंसर्ग निघाला. वेळेवर आणलेत, असे डॉक्टर म्हणाले. तिच्या त्या चौकटीतल्या आकड्यांना कोणी शास्त्र म्हणणार नाही. पण पान पाचवे, दिवस ठरलेला, आणि आकडा पडला की हात हलतो. साडूच्या देठाहून ते निराळे आहे असे मला वाटत नाही.

परवा आमच्या शाळेतल्या एका शिक्षकांनी मला बाजूला घेतले. त्यांच्या पत्नीच्या छातीवर शेक सुरू व्हायचा आहे. दादाचे त्यांनी ऐकले होते. “सर, खरं सांगा, घ्यावा का?” ते म्हणाले. मी म्हटले, “डॉक्टर म्हणतात तर जरूर घ्या. दादा घेतला म्हणून आहे.” मग त्यांच्या वहीच्या मागच्या पानावर मी लिहून दिले: शेवटच्या शेकाची तारीख कॅलेंडरवर मांडा. त्या तारखेपासून पुढच्या सहा महिन्यांवर खूण करा. त्यात कोरडा खोकला, बारीक ताप किंवा दम लागला, तर औषधाच्या दुकानात जाऊ नका. किरणे दिली त्याच डॉक्टरांकडे जा, आणि शेक घेतल्याचे कागद बरोबर न्या. सहा महिन्यांनंतरही दम वाढला तर तेच करा.

त्यांनी ते दोनदा वाचले. म्हणाले, “आणि रक्ताची काही तपासणी?”

“ती अजून शिकते आहे,” मी म्हटले. “तोवर जिना मोजा.”